मागच्या खोलीत वायफाय का पोहोचत नाही?

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. आज बँक, रेशन, शिष्यवृत्ती, सगळ्याला नेट लागतं. घरात वायफाय येतं, पण मुलगी मागच्या खोलीत अभ्यासाला बसली की ते तुटतं.

दुकानदार म्हणतो, मेश घ्या. मेश म्हणजे दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय. पैसे देण्याआधी एवढं करा. राउटरजवळ उभ्या राहून मोबाइलवर नवा व्हिडिओ लावा. तिथेही अडखळला, तर दोष लाइनीचा; नेट देणाऱ्याकडे तक्रार करा. मेशने तो जाणार नाही.

तिथे नीट चालला, तर अडथळा घरातला. जाड भिंत, पत्रा, लोखंडी कपाट लहरी अडवतात. आधी राउटर घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवून बघा. फुकटात काम होईल.

तरी भागलं नाही, तर दोन डब्यांचा मेश घ्या. दुसरा डबा मागच्या खोलीत नको. वाटेत, चांगली रेंज असेल तिथे ठेवा. त्यालाच रेंज नसेल, तर तो पुढे काय देणार? आणि घेताना विचारा: घरी चाललं नाही, तर परत घ्याल का?