सर्किट बोर्डाचे सॉफ्टवेअर निवडताना



मी भाषा शिकविणारा मास्तर. सर्किट बोर्डाविषयी मी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी हा विषय आमच्या घरातच येऊन बसला. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला आहे. इंदापूरकडील आमच्या उसासाठी, जमिनीतील ओल पाहून ठिबकचा पंप चालू-बंद करणारे एक छोटे यंत्र त्याने योजिले. त्याचा बोर्ड त्याने संगणकावर आखला. मात्र ज्या सॉफ्टवेअरवर आखला ते मित्राच्या पेनड्राइव्हवरून आणलेले, कुलूप तोडलेले होते. प्रकल्प दाखविण्याच्या चार दिवस आधी ते उघडेना. फाईल होती, पण ती दुसरीकडे कोठे वाचता येईना. ‘‘मामू, सगळे पुन्हा काढावे लागेल,’’ असे तो म्हणाला तेव्हा आमच्या आपांच्या डोळ्यांत पाणी आले. ‘‘हे चोरीचे आहे, ठाऊक नव्हते का?’’ मी विचारले. ‘‘वर्गात सगळेच वापरतात,’’ हे उत्तर. पालकहो, हे उत्तर आपणही ऐकले असेल.

मग मी चौकशी केली. काम दोन टप्प्यांचे असते. प्रथम कोणता भाग कोणास जोडायचा याचा नकाशा. नंतर बोर्डावर ते भाग मांडून तांब्याच्या रेषा ओढणे. शेवटी कारखान्यासाठी ‘गर्बर’ फायली निघतात. ऑल्टियम मोठ्या उद्योगांत चालते. परवाना आपल्या आवाक्याबाहेरचा. ईगल १९८८ साली जर्मनीत निघाले, विद्यार्थ्यांत फार लोकप्रिय झाले. फुकट आवृत्तीत दोन थर आणि ८० चौरस सेंटिमीटर एवढीच मुभा. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्क कंपनीने घेतले, आणि ७ जून २०२६ पासून ते बंद होणार असे २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे रीतसर घेणाऱ्यासही मालकाच्या मर्जीवर राहावे लागते.

म्हणून विद्यार्थ्यांनी पहिला प्रश्न हा विचारावा की, उद्या परवाना संपला तर माझे काम मला उघडता येईल काय? किकॅडबाबत याचे उत्तर ‘होय’ असे आहे. १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारा यांनी ते सुरू केले. तेही अध्यापकच, याचा मला अंमळ अभिमान वाटला. पुढे सर्न या प्रयोगशाळेने त्यात भर घातली. ते विनामूल्य व मुक्त आहे, बोर्डाच्या आकारावर बंधन नाही, आणि ईगलच्या फायलीही त्यात घेता येतात. पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाचे ‘ई-सिम’ किकॅड व एनजीस्पाइस यांच्याच आधारे उभे आहे. सर्किट चालेल की नाही, हे त्यात बोर्ड करण्यापूर्वीच तपासता येते. त्याच संस्थेत सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. तयार संग्रहातील प्रत्येक भागाचे माप आपल्या हातातील भागाशी जुळेलच असे नाही. आराखडा कागदावर मूळ मापात छापून, भाग त्यावर ठेवून पाहावेत.

भाच्याने किकॅडवर सारे पुन्हा काढले. दहा दिवस गेले, उशिराबद्दल गुण कापले गेले. आज पंप त्याच बोर्डावर चालतो. स्क्रूचे एक भोक चुकीच्या जागी पडले आहे. कागदावर ठेवून पाहण्याचा त्याने तेवढा कंटाळा केला.