पुरळ उठण्याआधी, पुरळ मावळल्यावर



होळी उलटून ऊन तापू लागलं की आपल्याकडे व्याख्यानमाला भरतात, आणि साधारण याच दिवसांत घराघरांत गोवर-कांजिण्यांची साथही फिरत असते. म्हणून या व्यासपीठावर मी मुलांच्या तापाचा आणि पुरळाचा विषय घेतला आहे. मूल तापलं की आपण त्याचा सदरा वर करून पाठ-पोट पाहतो. कातडी स्वच्छ असेल तर ‘साधा ताप आहे’ म्हणून निर्धास्त होतो. पुरळ दिसलं की घाबरतो, आणि पुरळ मावळलं की ‘सुटलो’ म्हणून त्याला शाळेत धाडतो. माझं म्हणणं असं की या तिन्ही वेळी आपला अंदाज चुकतो. गोवरासारख्या आजारात मूल इतरांना सर्वांत जास्त धोका देतं ते पुरळ उठण्याच्या आगेमागे, आणि त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका होतो तो बहुधा पुरळ उठल्यानंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत. म्हणून कातडी पाहावी, पण निर्णय घ्यावा तो दिवस मोजून आणि मुलाच्या श्वासाकडे, डोळ्यांकडे, खाण्यापिण्याकडे बघून.

कातडीवर एवढा विश्वास ठेवण्याची सवय आपल्याला देवीच्या रोगाने लावली असं मला वाटतं, आणि त्या रोगापुरती ती अगदी योग्य होती. देवीचा रोगी पुरळ उठेपर्यंत फारसा रोग पसरवत नसे आणि उठल्यावर लपून राहत नसे. चेहरा, हात, पाय सगळे सांगत. म्हणूनच 1974-75 साली आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या मुलाचं छायाचित्र छापलेलं कार्ड घेऊन घरोघरी, बाजारांत, शाळांत ‘असं कुणी पाहिलंत का’ असं विचारत फिरू शकले. रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्यांना लस टोचायची, एवढ्यावर साखळी तुटत गेली. मे 1975 मध्ये भारतातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि 1980 साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. गोवराला ही रीत लागू पडत नाही. गोवराचं मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत विषाणू सोडत असतं. त्यातले पहिले चार दिवस त्याला फक्त ताप, कोरडा खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे असतात. घरात ‘सर्दी झालीय’ म्हणतात आणि मूल अंगणवाडीत, लग्नघरात, एस.टी.त सगळीकडे जातं. विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेली आणि पूर्वी गोवर न झालेली दहा मुलं रोग्याच्या सहवासात आली तर त्यांतल्या नवांना तो गाठतो.

दिवस मोजण्याचं महत्त्व 1846 साली पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टराने दाखवून दिलं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर पासष्ट वर्षांनी गोवर आला होता. सुमारे पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांहून जास्त लोक काही महिन्यांत आजारी पडले. पानुम गावोगाव फिरला आणि कोण कुणाला कोणत्या दिवशी भेटलं, पुरळ कधी उठलं याच्या तारखा लावत गेला. संसर्गापासून पुरळापर्यंत तेरा-चौदा दिवस जातात हे त्याला त्यातून कळलं. 1781 च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता ती म्हातारी माणसं या खेपेला आजारी पडली नाहीत, हेही त्याने नोंदलं. विषाणू म्हणजे काय हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं. केवळ तारखांनी हे ज्ञान हाती दिलं.

आता ओळखीकडे वळू. गोवराचं पुरळ कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होतं, चेहऱ्यावर येतं आणि दोन-तीन दिवसांत छाती, पोट, पाय असं खाली उतरतं. पुस्तकांतली लालभडक चित्रं गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या मुलांच्या अंगावर हा लालपणा कित्येकदा दिसतच नाही. तिथे हाताला लागणारा खरखरीतपणा आणि नंतर राहणारे काळपट डाग, कोंड्यासारखी सुटणारी साल याच खुणा उरतात. त्याआधीच्या दिवसांत मुलाचा गाल आतून पाहिला, तर दाढांसमोर लालसर पायावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके कधीकधी सापडतात. हेन्री कॉप्लिकने 1896 साली वर्णन केलेली ही खूण पुरळाच्या एक-दोन दिवस आधी दिसते आणि लवकर नाहीशी होते. कांजिण्यांची गोष्ट निराळी. त्या पोटापाठीवर जास्त येतात, दवबिंदूसारख्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि एकाच वेळी एकाच जागी नवा ठिपका, भरलेला फोड आणि वाळलेली खपली अशा तिन्ही अवस्था दिसतात. हात-पाय-तोंडाच्या आजारात तळहात, तळपाय आणि ओठांच्या आत फोड येतात. 2022 साली केरळमधून ‘टोमॅटो फ्लू’ हे नाव पसरलं आणि सगळीकडे घबराट झाली, तेव्हाही तपासांचा रोख याच आजाराकडे गेला. त्यात मुलाला गिळता येत नाही, म्हणून काळजी करायची ती पाण्याची.

परंतु इथेच थांबून सांगायला हवं की नुसत्या नजरेने गोवर आणि रुबेला यांतला फरक अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत. म्हणून सरकारी सर्वेक्षणात ताप आणि पुरळ असलेलं प्रत्येक मूल ‘संशयित’ धरून त्याचं रक्त तपासायला पाठवतात. रुबेला स्वतः सौम्य असतो. त्याचा घाव गर्भावर पडतो. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने 1941 साली जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांचा संबंध त्यांच्या आयांना गरोदरपणी झालेल्या या आजाराशी जोडला. घरात तापपुरळाचं मूल आणि दिवस गेलेली बाई दोघं असतील, तर ‘किरकोळ आहे’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

पहिला आक्षेप आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा असतो, आणि तो मी आदराने घेतो. ‘गोवर बाहेर पडू द्या, औषधाने दाबलात तर आत जिरेल आणि पोर हातचं जाईल.’ हे निरीक्षण निराधार नाही. गोवराचं पुरळ म्हणजे शरीराच्या प्रतिकारपेशींनी कातडीतल्या बाधित पेशींवर केलेला हल्ला. ज्या मुलाची प्रतिकारशक्तीच फार खचलेली आहे, त्याच्या अंगावर पुरळ नीट उठत नाही, आणि तेच मूल न्यूमोनियाने दगावण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे आजीने पाहिलं ते खरं होतं, कारण मात्र उलटं लावलं गेलं. पुरळ आत गेल्याने मूल खचलं नाही. ते खचलेलं होतं म्हणून पुरळ उठलं नाही. त्यामुळे औषध थांबवण्याचा निष्कर्ष चुकतो, आणि अशा मुलाला तर आधी दवाखान्यात न्यायला हवं. या प्रथांतलं जे उपयोगाचं आहे ते मी सोडायला सांगणार नाही. दारावर कडुनिंबाची डहाळी लावणं, पाहुण्यांना आत न घेणं, मुलाला वेगळ्या खोलीत निजवणं यातून विलगीकरण आपोआप साधत होतं. पण अंघोळ बंद, दूध बंद, फोडणी बंद, नुसती पेज, ही पथ्यं तापाने आधीच अशक्त झालेल्या मुलाला आणखी उपाशी ठेवतात. कोमट पाण्याने अंग पुसावं, नखं कापावीत, अंगावरचं दूध सुरू ठेवावं, थोडं थोडं पण वारंवार खायला द्यावं.

दुसरा आक्षेप असा की गोवर सगळ्यांनाच होतो, होऊन जातो, त्यात एवढं काय. 1963 साली लस येण्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे 26 लाख माणसं गोवराने मरत होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जे वाचले त्यांचंही सगळं आलबेल नव्हतं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासलं तेव्हा इतर रोगांविरुद्ध आधी जमलेली प्रतिपिंडं 11 ते 73 टक्क्यांपर्यंत नष्ट झालेली आढळली. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गोवर होऊन गेलेलं मूल पुढचे काही महिने वारंवार का आजारी पडतं, याचा उलगडा त्यातून होतो. गावाकडे ‘गोवराने पोर खंगलं’ म्हणतात, ते शब्दशः खरं आहे. म्हणून गोवराच्या प्रत्येक मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस लागोपाठ दोन दिवस देतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला 50 हजार युनिट, वर्षाच्या आतल्या बाळाला 1 लाख, त्यापुढे 2 लाख. हा डोस आरोग्य केंद्रातच घ्यायचा असतो. त्याने डोळे वाचतात आणि जीवही वाचतात. डोळ्यांत घरगुती काहीही घालू नये.

श्वास मोजायला तर पैसेही पडत नाहीत. मूल निजलेलं किंवा शांत असताना त्याचा सदरा वर करावा आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट पोटाची वरखाली मोजावी. दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर रात्र असली तरी निघावं. झटके, सतत उलट्या, गुंगी, लघवी कमी होणं यांनाही हाच न्याय. अंगावर जांभळट ठिपके दिसले तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून पाहावा. दाबाखाली ठिपका फिका पडला नाही आणि मूल मलूल असेल तर क्षणभरही थांबू नये, कारण रक्तात पसरणाऱ्या जिवाणूंचा तो इशारा असू शकतो. डेंग्यूत तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात, तेव्हा पोटदुखी किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर ‘ताप गेला’ याचा आनंद मानू नये. उलट काही तान्ह्यांना तीन-चार दिवस सडकून ताप येतो, तो उतरतो आणि मग गुलाबी पुरळ उमटतं. मूल खेळत असेल तर हे पुरळ काहीही न करता जातं. एकच पुरळ, अर्थ किती वेगळे! तापासाठी पॅरासिटामॉल वजनाच्या हिशोबाने, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. ॲस्पिरिन मुलांना नकोच, कांजिण्यांत तर मुळीच नको, आणि कांजिण्या किंवा डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेनही टाळावं. गोवर-कांजिण्या विषाणूंच्या, त्यामुळे अँटिबायोटिकने त्या हटत नाहीत. न्यूमोनिया किंवा कान फुटणं यांसारखी जिवाणूंची भर पडली तरच डॉक्टर ती देतात.

तिसरा आक्षेप लसीवरचा. 1998 साली गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतला आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही. पण आपल्याकडे लस चुकते ती बहुतेक या वादामुळे नाही. लसीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने काही मुलांना ताप आणि हलकं पुरळ येतं, आईचा रोज बुडतो, आणि दुसऱ्या डोसाच्या वेळी कुटुंब कामासाठी गाव बदलून गेलेलं असतं. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवर उसळला, तो अशाच दाट आणि फिरत्या वस्त्यांमधून, कोविडकाळात डोस राहून गेलेल्या मुलांमध्ये. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. संध्याकाळचं लसीकरण सत्र, ताप येईल हे आधीच सांगणारी आशाताई आणि दुसऱ्या गावातही चालणारं कार्ड यांनी जे साधेल, ते उपदेशाने साधणार नाही. नऊ ते बारा महिन्यांत पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस, हे दोन्ही पूर्ण झालेली मुलं वस्तीत 95 टक्के असली तर साथ पसरायला वाव राहत नाही. लस घेतलेल्या मुलालाही क्वचित गोवर होतो हे खरं, पण तो बहुधा सौम्य असतो.

शेवटी घरातल्या दुसऱ्या मुलाबद्दल बोलायला हवं, कारण सगळं घर आजारी मुलाभोवती गुंतलेलं असताना तेच विसरलं जातं. संसर्गाशी संबंध आल्यापासून 72 तासांच्या आत लस दिली तर गोवर टळू शकतो. पण पुरळ दिसेपर्यंत हे तास बहुधा निघून गेलेले असतात. म्हणून शेजारी किंवा शाळेत गोवर निघाल्याचं कळताच भावंडांची कार्डं काढून पाहावीत. साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळालाही एक जादा डोस देतात. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत, ते दोन नंतर घ्यावेच लागतात. आजारी मुलाला पुरळ उठल्यापासून चार दिवस, आणि कांजिण्या असतील तर शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी ठेवावं. शाळांनी या सुट्टीसाठी हजेरी कापू नये. आणि गोवराच्या मुलाचं पुरळ मावळल्यावर पुढचे दोन-तीन महिने अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यावं. ते वाढत नसेल तर मूल वरून बरं दिसत असलं तरी डॉक्टरांना दाखवावं.