आधी अक्षरं, मग आकडे
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या तुकडीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात कुणीतरी विचारलं, "तू नक्की करतोस तरी काय?" मी नेहमीप्रमाणे "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं लिहून सुटलो. या उत्तरामुळे पंचवीस वर्षं नातेवाइकांचे बिघडलेले प्रिंटर माझ्याकडे येत आहेत. आज मला दहा मिनिटं दिली आहेत, तेव्हा खरं काय ते सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे, आणि तिचा संबंध आपल्या नववीच्या वर्गाशी आहे.

तुम्ही मोबाइलवरून तिकीट काढता किंवा पैसे पाठवता, तेव्हा ते काम कुठल्यातरी मोठ्या सर्व्हरवर होतं. त्या एका सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी कॉम्प्युटर चालू असतात. प्रत्येकाला वाटतं, मी स्वतंत्र यंत्र आहे, माझं स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात ते कार्ड आभासी असतं. ही बतावणी नीट चालवणं हे सर्व्हरच्या कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, एक काम. मी लिनक्सच्या कर्नलमध्ये हेच काम करतो.

आभासी कार्डाशी बोलायची एक ठरलेली पद्धत आहे, तिचं नाव व्हर्टआयओ. रस्टी रसेल यांनी 2007-08 च्या सुमारास ती मांडली आणि पुढे ओॲसिस या संस्थेने तिची 1.0 आवृत्ती प्रसिद्ध केली. पद्धत साधी आहे. समजा, बाईंना वह्या तपासायच्या आहेत. वह्या मुलांच्या बाकावरच राहतात. मुलं एका यादीत हजेरी क्रमांक लिहितात: या वह्या तयार आहेत. बाई यादी बघतात, त्या बाकावर जाऊन वही तपासतात आणि दुसऱ्या यादीत क्रमांक लिहितात: या झाल्या. एवढंच. दोन याद्या आणि बाकांचा तक्ता.

हे काम सॉफ्टवेअरने केलं तर जमतं, पण प्रत्येक वहीसाठी मुख्य प्रोसेसरला राबावं लागतं. म्हणून दुसरा मार्ग निघाला: खऱ्या कार्डाचा एक तुकडा थेट आभासी मशीनच्या हाती द्यायचा. वेग मिळतो. पण मग त्या मशीनला त्या कंपनीच्या कार्डाची भाषा शिकावी लागते आणि ते त्या कार्डाला बांधलं जातं.

2018 मध्ये पुण्यातल्या एका कंपनीत आमच्या गटाने मधला रस्ता धरला. आमचं कार्ड स्वतःच त्या दोन याद्या वाचायचं. मशीनला वाटायचं, हे साधं व्हर्टआयओ आहे. वेग मात्र खऱ्या कार्डाचा. कार्ड चालू करणं, याद्या कुठे आहेत ते त्याला सांगणं, यासाठी कर्नलमध्ये एक इंटरफेस लागतो. तो मी लिहिला. आमच्या कार्डात जेवढ्या रांगा, तेवढ्याच त्यात गृहीत धरल्या. आमचं कार्ड मेमरीचे पत्ते जसे बघतं, तसेच सगळी कार्डं बघतात असं मानलं. गटातल्या सगळ्यात तरुण मुलीने विचारलं होतं, "सर, उद्या दुसऱ्या कंपनीचं कार्ड आलं तर?" मी म्हणालो, "तेव्हा बघू."

'तेव्हा' वर्षभरात उगवलं. आमच्या एका ग्राहकाने नवे सर्व्हर घेतले, त्यांत दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं. जुने सर्व्हर दुरुस्तीला काढायचे, म्हणून त्यांवरची मशीन चालू अवस्थेत नव्यांवर हलवायची होती. हलेनात. दुसरं कार्डही त्याच दोन याद्या वाचणारं होतं. पण ते चालू करायची, थांबवायची, कुठवर आलं ते विचारायची रीत वेगळी, आणि माझा इंटरफेस फक्त आमच्या कार्डाला ओळखत होता. रात्री एकेक मशीन बंद करून हलवावं लागलं. त्यातलं एक मशीन एका लहान रुग्णालयाच्या तपासणी अहवालांचं होतं. चाळीस मिनिटं ते बंद राहिलं. कुणाला इजा झाली नाही, हे आमचं नशीब. पहाटे तीनला ग्राहकाकडच्या माणसाचा फोन आला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमचं कार्ड वेगवान आहे हो, पण ते आम्हाला बांधून ठेवतं."

त्या पहाटे मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. खोटं सांगत नाही.

नववीत टाकीचं गणित होतं. एक नळ टाकी 10 तासांत भरतो, दुसरा 15 तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ? मी अंदाजाने आकडे घालत 6 तास काढले. उत्तर बरोबर. बाईंनी चारातले दोनच गुण दिले. मी भांडायला गेलो, तर म्हणाल्या, "आधी एक्स आणि वाय घालून सोडव, आकडे शेवटी. हे गणित तुला सुटलंय ते फक्त याच टाकीपुरतं." मला तो निव्वळ छळ वाटला होता.

मी कर्नलमध्येही तेच केलं होतं. एकाच टाकीचं गणित आकड्यांत सोडवलं होतं.

त्याच सुमारास वेगवेगळ्या कंपन्यांतले लोक मिळून व्हीडीपीए नावाची एक सामाईक चौकट बांधत होते. मे 2020 मध्ये आलेल्या लिनक्सच्या 5.7 आवृत्तीत ती दाखल झाली. ती बांधण्याचं श्रेय माझं नाही. मी आमचं कार्ड तिच्यात बसवलं आणि बसवताना शिकलो. तिथे कर्नल कार्डाला थोडेच प्रश्न विचारतं. तुला काय काय येतं? ही घे यादीची जागा. चालू हो. थांब. कुठपर्यंत वाचलंस? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बदली शिक्षिका वर्गावर आल्या, तर आधीच्या बाईंनी कितव्या वहीपर्यंत तपासलं हे त्यांना कळायला हवं. नाहीतर एक वही दोनदा तपासली जाते आणि एक राहूनच जाते.

मेमरीच्या पत्त्यांचा प्रश्नही तिथे सोडवला होता. काही कार्डं पत्ते बदलून घ्यायला सर्व्हरवर अवलंबून असतात, काही ते काम स्वतः करतात. चौकटीत दोघांनाही जागा आहे: ज्याला स्वतः करायचं त्याने तसं सांगावं, न सांगणाऱ्याचं काम सर्व्हर बघेल. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की, पहिल्याच खेपेला एका खऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरबरोबर एक लुटुपुटीचं उपकरणही आत आलं. त्याला हार्डवेअरच नाही. इंटरफेस दोघांनाही चालला, तर तो एकाच कार्डाच्या सोयीचा नाही हे कळतं.

एवढ्याने सगळं लगेच सुटलं नाही. चालू मशीन हलवण्याचं काम पुढे काही वर्षं चाललं. माझा जुना इंटरफेस ज्या ग्राहकांकडे गेला होता, त्यांच्यासाठी तो आम्हाला तीन वर्षं सांभाळावा लागला. लिनक्समध्ये नियमच आहे, वापरणाऱ्याचा चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही. कर्नलचा इंटरफेस म्हणजे दिलेला शब्द असतो. घाईत दिला तरी पाळावा लागतो. म्हणून आता नवा इंटरफेस लिहिताना आम्ही जास्त वेळ घालवतो तो काय लिहायचं नाही हे ठरवण्यात.

त्या मुलीची मी नंतर माफी मागितली. ती आता गटप्रमुख आहे आणि माझा कोड तीच तपासते. 'तेव्हा बघू' असं कुठे दिसलं, की शेरा मारून परत पाठवते.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. त्या गणिताचे राहिलेले दोन गुण मागायला मी उभा राहिलेलो नाही. ते तुम्ही कापले हे बरोबरच होतं, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. आज सांगितलं.