बसलं म्हणजे जुळलं असं नाही



मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात शिरा, पहिला प्रश्न ठरलेला: "बजेट किती?" पाटीवर रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. तर बजेट सांगण्याआधी दुसरं एक ठरवून जा, मशीनवर काम काय करायचंय? टॅली आणि ऑनलाइन क्लास, व्हिडिओ एडिटिंग की गेम? सुट्या भागांची यादी त्यावर ठरते.

सुटे भाग घेऊन मशीन असेंबल करता येतं, याचं मूळ १९८१ सालच्या आयबीएम पीसीत आहे. तो बराचसा बाहेरून घेतलेल्या भागांतून उभा केला होता. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं. म्हणून आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये भोकाला भोक जुळून बसतो.

लोकांना भीती असते ती भाग न बसण्याची. मला त्याची फारशी काळजी वाटत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटला १३३१ पिना, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ला १७१८. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात जाणारच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅम दिसायला सारख्या, दोन्हींना २८८ संपर्कबिंदू, पण मधली खाच वेगळ्या जागी. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बोर्डांत काही डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५, तेव्हा खोक्यावर वाचून घ्या. चुकलंच तर काउंटरवर कळतं आणि बदलून मिळतं.

खरा घोळ होतो तो जे नीट बसतं, पण चालत नाही, त्यात.

समजा, २०१८चा बी४५० बोर्ड घरात आहे आणि त्यावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर लावला. सॉकेट एकच, बसतो झकास. पण बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं त्यावरचं सॉफ्टवेअर, जुना असेल तर पडद्यावर काहीच येत नाही. कुठला प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो, याचा तक्ता बोर्ड बनवणारी कंपनी आपल्या साइटवर देते. दुकानदाराच्या शब्दापेक्षा तो तक्ता खरा.

तसंच प्रोसेसरच्या नावामागचं एक अक्षर. इंटेलचा आय५ १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल, तर बोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट नुसता शोभेला. रायझन ५ ५६००चंही तेच. ५६००जी घेतला तर चित्र दिसेल. एम डॉट टू एसएसडीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. स्लॉट तोच असला तरी प्रत्येक बोर्ड दोन्ही चालवेलच असं नाही.

आणि आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. यावर जरा थांबतो, कारण नेमकी इथेच लोक काटकसर करतात आणि वाचलेले पैसे रंगीबेरंगी दिव्यांच्या पंख्यांवर घालतात. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवरच्या वॅटच्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही. ग्राफिक्स कार्डाला बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या एका वायरीतून आणखी १५०. आरटीएक्स ४०६०सारख्या ११५ वॅटच्या कार्डाला एवढं पुरतं, पण तुमच्या एसएमपीएसला ती वायर आहे का, ते आधी पाहा.

मॉड्युलर एसएमपीएस म्हणजे ज्याच्या वायरी सुट्या होतात तो. जुना काढून नवा लावताना वायरी तशाच ठेवायचा मोह होतो. तो आवरा. मदरबोर्ड किंवा डिस्कच्या बाजूच्या पिनांचा क्रम ठरलेला असतो, पण एसएमपीएसच्या बाजूचा क्रम प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठेवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असू शकतो. वायर बसते घट्ट, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. हार्ड डिस्क जळाली की तिच्यातले लग्नाचे फोटोही गेले. नव्याच्या खोक्यात आलेल्या वायरीच वापरा, जुन्या जुन्याबरोबर बांधून ठेवा.

जिथे वीज वरचेवर जाते तिथे यूपीएसही या हिशेबात धरायला हवा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. ऑफिसच्या कामाच्या मशीनला आणि मॉनिटरला तो चालतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर वीज जाताक्षणी मशीनही बंद पडेल, म्हणून १००० व्हीएच्या पुढचा बघा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला जोडू नका. तो तापताना एकदम भरपूर वीज ओढतो. त्याला भिंतीतलाच प्लग बरा.