दूरच्या वाचकाचे मत
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयातील कोणतीही लोकप्रिय कादंबरी उघडावी. पहिल्या पानावर गोल शिक्का असतो, दाखल क्रमांक असतो आणि बहुधा 'पुस्तकावर काहीही लिहू नये' अशी सूचनाही असते. शेवटचे पान उलटले की त्या सूचनेचा भंग झालेला दिसतो. पेन्सिलीने कोणी 'उत्तम' असे लिहिलेले असते, त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात 'वेळ फुकट गेला' असा शेरा असतो आणि तिसऱ्याने त्या दोघांनाही गप्प बसण्याचा सल्ला दिलेला असतो. ग्रंथपालाच्या दृष्टीने हे अपराध होत आणि त्यांचे समर्थन करता येणार नाही. तथापि या शेऱ्यांत एक गोष्ट असते, जी परीक्षणांत क्वचित सापडते. त्या शेऱ्याला कोणाची भीड नसते. लेखकाशी ओळख नाही, प्रकाशकाशी देणेघेणे नाही. पुस्तक वाचले आणि जे वाटले ते लिहिले, एवढाच व्यवहार.

मराठी कादंबरीचा इतिहास अभ्यासकांनी सविस्तर लिहिला आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली, तेथपासूनच्या वाटचालीचा साक्षेपी आढावा कुसुमावती देशपांडे यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथात घेतला. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्याच. त्या मानाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा. म्हणजे मध्य प्रदेशाच्या भूमीला मराठी कादंबरीची चर्चा परकी नाही. मात्र या इतिहासात वाचक बहुधा अनामिक राहतो. त्याने काय वाचले, कोठे थांबला, कोणते पुस्तक अर्धवट परत केले, याची नोंद कोणी ठेवत नाही.

या व्याख्यानापुरता असा एक वाचक डोळ्यांसमोर आणावा. तो भोपाळच्या अवधपुरीत राहतो. त्याला नाव देण्याचे कारण नाही, कारण या शहरातील अनेक मराठी घरांत तो थोडाथोडा विखुरलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून माणसे बदलून आली आणि त्यांच्या ट्रंकांतून मराठी पुस्तके आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने आणखी कुटुंबे आणली. कारखान्याच्या बाजूला शहर वाढत गेले आणि अवधपुरीसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. हा वाचक निवृत्त आहे. पुस्तकावर लिहायचे नाही हा नियम तो पाळतो. म्हणून त्याने एक वही केली आहे. तीत तो वाचलेल्या कादंबऱ्यांवर मत नोंदवितो.

वहीच्या आरंभीच्या पानांवर ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत, हे स्वाभाविकच आहे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ची, शिवाजी सावंतांची पौराणिक 'मृत्युंजय' १९६७ची, ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ची. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत या पुस्तकांनी फार मोठे काम केले. ज्यांच्या भोवती मराठी बोलणारा शेजार नव्हता, त्यांना त्यांनी भाषेचा अभिमान दिला. हे ऋण वाचक मान्य करतो. परंतु पुनर्वाचनात त्याचे मत बदलले आहे. याचे कारण त्याच्या राहत्या गावात आहे. १७३७च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडले आणि १७३८च्या जानेवारीत जवळच्या दुराह्याला तह झाला. १७४० साली बाजीरावाने देह ठेवला तो नर्मदाकाठच्या रावेरखेडीला. ही ठिकाणे अवधपुरीच्या वाचकाला नकाशावर शोधावी लागत नाहीत. म्हणूनच त्याच्या मनात एक प्रश्न येतो, जो पुण्यातील वाचकाच्या मनात कदाचित येणार नाही. वेढा पडला तेव्हा या गावातील कोष्टी, भिस्ती, कुणबी काय करीत होते? फौजेच्या घोड्यांना चारा कोणाच्या शेतातून आला? आपल्या ऐतिहासिक कादंबरीत नायक भरजरी बोलतो. चारा ज्याचा गेला तो मात्र बोलत नाही.

या प्रश्नाचे उत्तर त्याला अनपेक्षितपणे नंदा खरे यांच्या 'अंताजीची बखर' या १९९७च्या कादंबरीत मिळाले. तेथे अठराव्या शतकाची हकिकत सांगतो तो ना सेनापती, ना पेशवा. एक चाणाक्ष, मिस्कील आणि बऱ्यापैकी स्वार्थी माणूस ती सांगतो. वाचकाचे मत असे, की या पुस्तकाने त्याचा इतिहासाचा अभिमान कमी केला नाही. त्या अभिमानाला डोळे दिले. मात्र तो हेही नोंदवितो, की जुन्या वळणाची भाषा अंगवळणी पडेपर्यंत पुस्तक दोनदा बाजूला ठेवावे लागले. चांगल्या पुस्तकाविषयीही असे खरे सांगण्याची मुभा वाचकाला असली पाहिजे.

'कोसला'चे तसेच. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली आली आणि तिने मराठी गद्याचे वळण बदलले, असे सर्व जाणकार सांगतात. वाचकाने ती तरुणपणी वाचली तेव्हा त्याला पांडुरंग सांगवीकराचा राग आला होता. घरचा पैसा, पुण्याचे शिक्षण, आणि हाती काय? उतारवयात पुन्हा वाचताना त्याचे लक्ष पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी खिळले आणि त्या थट्टेखोर निवेदनाखाली किती दुःख दाबलेले आहे, हे त्याच्या ध्यानात आले. वहीत दोन्ही मते आहेत. पहिले खोडलेले नाही. पुस्तक तेच राहते, वाचणारा बदलतो, याचा यापेक्षा प्रामाणिक पुरावा कोणता?

शरच्चंद्र मुक्तिबोध यांच्या कादंबऱ्यांविषयी मात्र त्याची एक तक्रार आहे, आणि ती लेखकाविरुद्ध नाही, वाचकांविरुद्ध आहे. इंदूरला जन्मलेल्या या लेखकाने 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' अशा तीन कादंबऱ्यांत एका संवेदनशील तरुणाची जडणघडण रेखाटली. पहिल्या कादंबरीचे नावच माळव्यातील नदीचे. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतील युगप्रवर्तक कवी झाले. एकाच मराठी घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले. हिंदी समाजाने आपला मुक्तिबोध जपला, अभ्यासला, तरुणांच्या हाती दिला. मराठी समाजाने आपल्या मुक्तिबोधांच्या कादंबऱ्या किती वाचल्या? ज्या प्रदेशात त्या घडतात तेथील मराठी माणसाने तरी वाचल्या काय? हा प्रश्न वहीत तीन वेळा लिहिलेला आहे.

आता अलीकडच्या वाचनाकडे वळावे. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही १९९१ची कादंबरी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली. धरणासाठी उठविलेल्या गावाची आणि पुनर्वसनाच्या कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्या माणसांची ती कथा आहे. प्रसिद्धीच्या वेळी वाचकाने ती महाराष्ट्राची गोष्ट म्हणून वाचली आणि परत केली. त्यानंतर २००४च्या जूनअखेर खंडवा जिल्ह्यातील हरसूद हे गाव इंदिरा सागर धरणासाठी रिकामे झाले. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. विटा, दारे, चौकटी गाड्यांत भरल्या. वाचकाने पुस्तक पुन्हा मागविले. या वेळी ते एका बैठकीत वाचवले नाही. त्याच्या मते कादंबरीत तपशिलाचा भार आहे, काही ठिकाणी अहवाल डोकावतो. परंतु विस्थापिताच्या आयुष्यात कागदपत्रांचाच भार असतो, तेव्हा हा दोष म्हणावा की खरेपणा, याचा निर्णय त्याला करता आलेला नाही.

त्याच्याशेजारी कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ची नोंद आहे. या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय पुन्हा विस्थापनाचाच, पण रीत निराळी. गाव उठले, मागे राहिलेली म्हैस रानटी झाली आणि तिचा धनी तिला आणायला जुन्या गावी परततो. येथे कचेरी फारशी नाही. माणूस, जनावर आणि उजाड गाव आहे. बोलीतील शब्दांनी भोपाळच्या वाचकाला अडविले, हे तो लपवीत नाही. तरी त्याचे मत असे, की 'झाडाझडती'ने विस्थापितांचा हिशेब मांडला आणि 'रिंगाण'ने हिशेबात न बसणारे सांगितले. घर पाडल्याची भरपाई ठरविता येते. जनावराने ओळख विसरावी याची कशी ठरवावी?

याच पानावर एक ओळ अधिक आहे. मध्य प्रदेशाला मिळणाऱ्या विजेत हजार मेगावॉटच्या इंदिरा सागरचाही वाटा आहे. ज्या दिव्याखाली अवधपुरीत ही कादंबरी वाचली गेली, तो दिवा या गोष्टीबाहेरचा नाही. साहित्याने वाचकाला दोषी ठरवावे असे नव्हे. परंतु त्याला गोष्टीच्या बाहेर सुखरूप बसू देऊ नये, एवढे सामर्थ्य कादंबरीत असावे, असे त्याला वाटते. नंदा खरे यांच्या 'उद्या' या २०१४च्या कादंबरीने त्याला असेच अस्वस्थ केले. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणारा समाज तीत आहे. ती भविष्याची कादंबरी म्हणून वाचायला घेतली आणि वर्तमानाची म्हणून मिटविली, असा तीवर शेरा आहे.

या मतांशी सर्वांनी सहमत व्हावे असे मुळीच नाही. किंबहुना मतभेद व्हावा म्हणूनच ती येथे मांडली. कारण आज धोका मतभेदाचा नाही, मत नसण्याचा आहे. ज्या पुस्तकावर कोणी बोलत नाही ते मागितले जात नाही. जे मागितले जात नाही ते वरच्या फळीवर जाते. आणि वरच्या फळीवरून पुढचा प्रवास कोठे होतो, हे प्रत्येक जुन्या ग्रंथालयाला ठाऊक आहे. महाराष्ट्राबाहेर हा प्रवास अधिक वेगाने होतो. नातवंडे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, मराठी समजते पण वाचत नाहीत. येथे एक आशेची जागा आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. हिंदी शिकलेल्या मुलाला देवनागरी येतच असते. मराठी पुस्तकाचे दार त्याला अर्धे उघडे आहे. अडते ते शब्दांपाशी. शब्द सांगायला घरात एक माणूस लागतो, आणि तो माणूस वाचणारा असावा लागतो.

म्हणून सूचना अगदी साधी आहे. ग्रंथालयात तक्रारींसाठी सूचनावही असते. तिच्याजवळ एक अभिप्रायवही असावी. पुस्तक परत करताना सभासदाने दोन ओळी लिहाव्यात, बऱ्या वा वाईट, स्वतःच्या सहीनिशी. पेन्सिलीचा शेरा अशा रीतीने शेवटच्या पानावरून उठून आपल्या हक्काच्या जागी येईल. देवघेवीच्या खिडकीपाशी उभा असलेला एखादा तरुण ती वही चाळील, कोणाचे तरी भांडखोर मत वाचील आणि त्याची शहानिशा करण्यासाठी का होईना, वरच्या फळीवरचे पुस्तक मागील.

अवधपुरीच्या वाचकाने आपल्या वहीचे मागील एक पान कोरे ठेवले आहे. ते नातीसाठी आहे. तिने एक तरी मराठी कादंबरी वाचून तीवर आपले मत लिहावे, मग ते आजोबांच्या मताच्या अगदी विरुद्ध का असेना, एवढीच त्याची अपेक्षा. शंभर वर्षांच्या या ग्रंथालयाची कपाटे अशा कोऱ्या पानांची वाट पाहत उभी आहेत. ती पाने भरली जावोत, ही सदिच्छा.