राजाचे नाव आणि कारभाऱ्याचा जाब

(खर्डा येथे ग्रामस्थांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण आम्हांस बोलाविले आणि विषय दिला तो असा : ज्या देशात गादीवर राजा आहे आणि शिवाय लोकांनी निवडलेली पार्लमेंटही आहे, त्या देशात राज्य नेमके चालविते कोण? कोणी म्हणेल, विलायतेच्या राजाची पंचाईत खर्ड्याच्या शेतकऱ्यास कशाला हवी? ज्याची त्यास ठाऊक! परंतु आमचे सांगणे असे आहे की, या विषयाचा पहिला धडा विलायतेत नाही. तो आपल्या गावच्या किल्ल्यात आहे.

मार्च १७९५ मध्ये याच रानात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम अली मागे हटला, खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि कोंडला गेला. त्यास तह करावा लागला. मुलूख द्यावा लागला, रक्कम कबूल करावी लागली, आपला दिवाणसुद्धा मराठ्यांच्या हवाली करावा लागला. ही गोष्ट येथील पोरासोरांना पाठ आहे. पण आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. ती लढाई जिंकली, तेव्हा राज्य कोणाचे होते?

कोणी म्हणेल छत्रपतींचे. खरे आहे. साताऱ्यास दुसरे शाहू महाराज गादीवर होते. शिक्का त्यांचा, नाव त्यांचे. पण ते जवळजवळ नजरकैदेत होते आणि लढाईविषयी त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. कोणी म्हणेल पेशव्यांचे. तेही खरे. पुण्यास सवाई माधवराव होते, वय अवघे वीस वर्षांचे. त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली ती १७७४ साली, ते चाळीस दिवसांचे तान्हे मूल असताना! मग कारभार कोण पाही? नाना फडणीस. म्हणजे छत्रपतींच्या नावाने पेशवे आणि पेशव्यांच्या नावाने फडणीस. तीन मजली घर. वरचे दोन मजले रिकामे, बिऱ्हाड तळमजल्यावर.

आता विलायतेकडे पाहा. तेथेही वरचा मजला रिकामाच आहे. आज तेथे तिसरे चार्ल्स राजे आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांच्या मातुःश्री वारल्या आणि ते गादीवर आले. कायदा निघतो तो राजाच्या नावाने, न्याय होतो राजाच्या नावाने, फौज राजाची, मंत्री राजाचे. पार्लमेंटचे अधिवेशन भरते तेव्हा राजा मुकुट घालून भाषण वाचतो आणि त्यात ‘माझे सरकार’ असे म्हणतो. पण त्या भाषणातील धोरण मंत्र्यांनी लिहून दिलेले असते. पार्लमेंटने मंजूर केलेल्या कायद्यास राजाची संमती लागते खरी. परंतु ती नाकारल्याची शेवटची गोष्ट १७०८ सालची आहे. तीनशे वर्षांत पुन्हा कोणा राजाची तशी छाती झाली नाही.

तेव्हा आपण विचाराल, साताऱ्याचा राजा नामधारी आणि लंडनचाही नामधारी. मग फरक तो काय? बंधूंनो, आजच्या व्याख्यानाचा सारा गाभा या एका प्रश्नात आहे.

दोन सनावळ्या शेजारी शेजारी ठेवा. १७२० साली साताऱ्यास थोरल्या शाहू महाराजांनी बाजीरावांस पेशवाईची वस्त्रे दिली. १७२१ साली लंडनास रॉबर्ट वॉल्पोल कारभारावर आला. त्यास इंग्रज लोक आपला पहिला पंतप्रधान म्हणतात. त्याचा राजा पहिला जॉर्ज जर्मनीहून आलेला. त्यास इंग्रजी धड येत नसे आणि तो मंत्र्यांच्या बैठकीस बसेनासा झाला. म्हणजे दोन्हीकडे एकाच सुमारास राजा मागे सरला आणि प्रधान पुढे आला. येथवर कथा सारखीच आहे. पुढे मात्र वाट फुटली. बाजीराव १७४० साली वारले, तेव्हा पेशवाई त्यांच्या मुलाकडे गेली. तिकडे १७४२ साली वॉल्पोलची बाजू कॉमन्स सभेतल्या मतदानात हरू लागली, तेव्हा त्यास राजाचा पाठिंबा असूनही घरी जावे लागले आणि त्याची जागा त्याच्या मुलास मिळाली नाही.

म्हणजे त्यांनी गादी वंशपरंपरेची ठेविली आणि कारभार वंशातून सोडविला. आपण गादीही वंशाची ठेविली, प्रधानकीही वंशाची केली, आणि पुढे कारभाऱ्याची गोष्टही तीच झाली. शिवाजी महाराजांच्या वेळी अष्टप्रधान होते, पण प्रधानकी हे कोणाचे वतन नव्हते. नेमणारे महाराज, काढणारे महाराज, आणि कामाचा जाब घेणारेही महाराज. पुढे पदे वतनासारखी घराण्यांत मुरली. १७५० साली सांगोल्यास रामराजांकडून कारभाराचा अधिकार पेशव्यांकडे गेला आणि राजाचा उरलासुरला जाबही संपला. राजाची जागा घेऊन जाब विचारणारी लोकांची सभा मात्र उभी राहिली नाही.

इंग्लंडात ती उभी राहिली, आणि फुकट नव्हे. रयतेच्या प्रतिनिधींस विचारल्याशिवाय कर बसवू पाहणाऱ्या पहिल्या चार्ल्स राजाशी त्यांचे युद्ध झाले आणि १६४९ साली त्याचे डोके उडविले गेले. १६८९ साली हक्कांचा कायदा झाला : पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नाही आणि शांततेच्या काळात खडी फौज नाही. घरात तिजोरीची किल्ली ज्याच्या कनवटीस, त्याचा शब्द चालतो, हे आपल्या आयाबहिणींना सांगावयास नको. राजाच्या डोक्यावर मुकुट राहिला; किल्ली लोकांच्या कनवटीस गेली.

ती किल्ली आज कशी फिरते ते सांगतो. कॉमन्स सभेत ६५० सभासद आहेत, सर्व निवडून आलेले. ज्याच्या पाठीशी त्यांचे बहुमत, त्यासच राजा पंतप्रधान नेमतो; स्वतःची आवडनिवड तेथे चालत नाही. मंत्र्यांनी सभेत उभे राहून उत्तरे द्यावयाची, दरसालचा जमाखर्च मंजूर करून घ्यावयाचा. विश्वास उडाला की जावयाचे. २८ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान कॅलहान यांचे सरकार ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडले. एका मताने! निवडणूक झाली आणि मार्गारेट थॅचर आल्या. रक्ताचा थेंब सांडला नाही, कोणास कैद झाली नाही, राणी होती तेथेच राहिली.

आता खर्ड्याच्या विजयाचे पुढे काय झाले ते ऐका. त्याच साली ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून वारले. गादीवर कोणास बसवावे यावरून कारभाऱ्यांत आणि सरदारांत चढाओढ लागली. १७९६ साली नानांनी निजामाचे पाठबळ मिळविण्यासाठी खर्ड्याच्या तहात मिळालेला मुलूख परत देण्याचे आणि राहिलेली रक्कम सोडण्याचे कबूल केले. येथे ज्यांची पोरे पडली, त्यांना कोणी विचारले काय? विचारावे अशी जागाच नव्हती. आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी वसईस इंग्रजांशी तह करून राज्याचा गळा त्यांच्या हाती दिला. खर्ड्यापासून वसईपर्यंत आठ वर्षेही लागली नाहीत. नाना हुशार नव्हते असे आम्ही म्हणत नाही. शत्रूही तसे म्हणत नसे. पण हुशार कारभारी मेला की त्याची हुशारी त्याच्याबरोबर जाते. जाब घेणारी सभा असली तर ती मागे उरते.

येथे कोणी विचारील, राजा काहीच करीत नाही, तर त्यास पोसावयाचे कशाला? प्रश्न रास्त आहे आणि विलायतेतही तो विचारला जातो. त्याचे उत्तर देवळात पाहा. गाभाऱ्यातला देव बोलत नाही, बोलतो पुजारी. देव आहे म्हणून पुजाऱ्यास ‘मीच देव’ असे म्हणता येत नाही, एवढा त्याचा उपयोग. तसे, मानाची खुर्ची एकाकडे आणि सत्तेची दुसऱ्याकडे असली, तर सत्तावाल्यास लोकांकडून मुजरे घेता येत नाहीत. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा दानपेटीचा हिशेब गावापुढे होतो. हिशेब नसेल तर देवाचे नाव ही पुजाऱ्याची ढाल होते. आणि मानाच्या खुर्चीसाठी राजाचे रक्तच लागते असेही नाही. आपण त्या खुर्चीवर निवडलेला राष्ट्रपती बसविला आहे.

दुसरी गोष्ट. पार्लमेंट आहे एवढ्याने पोट भरत नाही. तीत बसविणारे कोण, हेही पाहावे लागते. १८३२ पूर्वी इंग्लंडात मत मूठभरांचे होते. सर्व प्रौढ पुरुषांस ते १९१८ साली मिळाले आणि बायकांस पुरुषांच्या बरोबरीने १९२८ साली. आपल्याकडे १९१९ च्या कायद्याने मुंबई कौन्सिलास निवडणूक मिळाली, पण मत होते सारा वा कर भरणाऱ्या थोड्यांस. गडी, मजूर बाहेरच उभे. सर्व प्रौढ बायाबापड्यांच्या बोटास शाई लागली ती १९५१-५२ च्या निवडणुकीत. मंत्री जाब देतो तो मत असणाऱ्यास. ज्यास मत नाही, त्यास तो रामरामही करीत नाही.

राजाने आपल्या हाताने सत्ता लोकांस दिल्याचे उदाहरण मराठी मुलुखातही आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे साताऱ्याच्या जुन्या वंशपरंपरागत प्रतिनिधीपदाच्या घराण्यातले. त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थाच्या मदतीने जानेवारी १९३९ मध्ये आपल्या संस्थानास स्वराज्याची घटना दिली. तिचा पाया गावची निवडलेली पंचायत. संस्थान लहान होते आणि १९४८ साली ते विलीन झाले. प्रयोग थोडीच वर्षे चालला. पण ज्या घराण्यास पिढीजाद मान होता, त्यानेच ‘मजवर कायद्याचा अंमल असो’ म्हणावे, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि आपण स्वतः? येथे २६ जानेवारी १९५० पूर्वी जन्मलेली जी माणसे बसली आहेत, त्यांना ठाऊक असो वा नसो, ती राजाच्या अमलात जन्मली. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत स्वतंत्र हिंदुस्थानचा नावाचा राजा सहावा जॉर्ज होता. कारभार नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा आणि जाब दिल्लीच्या सभेत. खर्ड्याच्या पूर्वेस, हद्दीपलीकडे, निजामाचा एकट्याचा हुकूम चाले. तो सप्टेंबर १९४८ मध्ये संपला. मग १९५० पासून १९५६ पर्यंत तेच मीर उस्मान अली खान हैदराबादचे राजप्रमुख होते आणि १९५२ नंतर निवडून आलेल्या मंत्र्यांच्या सल्ल्याने सह्या करीत होते. ज्यांच्या पूर्वजास मराठ्यांनी येथे कोंडले, त्यांस लोकांच्या मताने कायद्यात बसविले. आमच्या मते हा दुसरा विजय पहिल्याहून टिकाऊ ठरला.

परंतु सावध असा. मानाच्या खुर्चीची सही चोरण्याचा मोह कारभाऱ्यास आजही होतो. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी पंतप्रधानांच्या सांगण्यावरून आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळास ती दुसऱ्या सकाळी कळली. १९७७ साली मतदारांनी जाब घेतला आणि १९७८ च्या घटनादुरुस्तीने ठरले की, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्यावाचून अशी सही होऊ नये. २०१९ साली विलायतेच्या पंतप्रधानाने राणीस सल्ला देऊन पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवण्याचा घाट घातला. तेथील वरिष्ठ कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने तो सल्ला बेकायदा ठरविला.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आमच्याच गावची. गावाचे नाव सांगत नाही. तेथे सरपंच बाई आहेत. सही बाईंची, खुर्चीवर त्यांचे यजमान. ग्रामसभेत आम्ही नळाच्या कामाचा हिशेब विचारला. यजमान म्हणाले, ‘मला काय विचारता? सही बाईंची आहे.’ बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘मला काय ठाऊक? यांना विचारा.’ बंधूंनो, हीच ती सातारा-पुण्याची तीन मजली इमारत! सही एकाची, सत्ता दुसऱ्याची, आणि जाब कोणाचाच नाही. आणि दोष एकट्या यजमानांचा नव्हे. दाखला हवा असला की आम्हीसुद्धा बाईंच्या घरी जाऊन यजमानांनाच हाक मारीत होतो. ती सवय आम्ही सोडली. काम असले की ‘सरपंचबाई’ म्हणून बाईंशीच बोलू लागलो आणि हिशेब दर ग्रामसभेत पुन्हा पुन्हा विचारीत राहिलो. फार काही पालटले असे नव्हे. पण आता कागद पुढे आला की बाई म्हणतात, ‘आधी वाचून दाखवा, मग सही.’

हेच पार्लमेंटचे बीज आहे. राजा असो, राष्ट्रपती असो, सरपंच असो; सही ज्याची असेल त्याने वाचावे, सत्ता जो वापरील त्याने सभेत उभे राहून उत्तर द्यावे, आणि पैसा ज्यांचा असेल त्यांनी हिशेब विचारावा. खर्ड्याचा किल्ला अजून उभा आहे. त्याच्या सावलीत तुमची पुढची ग्रामसभा भरेल, तेव्हा घरी बसू नका. तेथे जा आणि एक तरी हिशेब विचारून या. आमचे एवढेच मागणे आहे.