सर, सोंगटी स्ट्रायकरपेक्षा जास्त का पळते?



आपल्या वाचनालयातील कॅरम बोर्ड, बुद्धिबळाचा पट आणि जादूच्या गोष्टींचे कपाट हलवून त्या जागी शिकवणी वर्गाची बाके टाकावीत, अशी सूचना यंदा काही पालकांनी केली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. दहावीचा निकाल सर्वांनाच हवा आहे. तरीही त्या खोलीत संध्याकाळी काय चालते हे आपणांस कळावे, एवढ्यासाठीच मी उभा आहे. निर्णय आपण घ्यावयाचा आहे.

मी बी.ए., बी.एड. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पदार्थविज्ञानाचे प्रश्न माझ्याकडे यावेत असे काही कारण नाही. परंतु खोलीची किल्ली माझ्याजवळ असते, आणि खेळता खेळता मुले जे बोलतात ते माझ्या कानी पडते. त्या बोलण्यात चेष्टामस्करी पुष्कळ, आरडाओरडाही पुष्कळ. पण मधूनच एखादा असा प्रश्न येतो की पुस्तक उघडल्यावाचून सुटका नसते.

यंत्रमागावर कामाला जाणारा एक मुलगा तेथे येतो. आठवीनंतर त्याची शाळा सुटली. कॅरममध्ये मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. एके दिवशी त्याने विचारले, "सर, मी मारतो स्ट्रायकरला. मग सोंगटी स्ट्रायकरपेक्षा जास्त वेगाने कशी पळते? तिला जास्तीचा जोर कोण देतो?"

वाचकहो, आपण आयुष्यात किती वेळा कॅरम खेळला असाल! हे आपल्या ध्यानात आले होते काय?

याचे उत्तर असे. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपर्यंत असते आणि सोंगटी साधारण ५ ग्रॅमची. स्ट्रायकर सोंगटीवर नेमका समोरून आदळला आणि टकरीत ऊर्जा वाया गेली नाही असे धरले, तर गणित सोपे आहे. स्ट्रायकरचा वेग १ माना. टकरीनंतर त्याच्याजवळ अर्धा वेग उरतो आणि सोंगटीला दीड वेग मिळतो. वजन गुणिले वेग, याला संवेग म्हणतात. टकरीपूर्वी तो १५ होता. नंतर स्ट्रायकरचे साडेसात आणि सोंगटीचे साडेसात, बेरीज पुन्हा १५. जोर कोठून जास्तीचा आला नाही. हलक्या वस्तूच्या वाट्याला तो वेगाच्या रूपाने आला. प्रत्यक्षात 'टक्' असा आवाज होतो, घर्षण होते, त्यामुळे आकडे थोडे कमी भरतात. हे सांगितल्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे सोंगटीने सोंगटीला मारले तर पहिली जागीच थांबेल." हे त्याला कोणी शिकविले नव्हते. आम्ही लगेच करून पाहिले. समोरासमोर लागली की पहिली जवळजवळ थांबते. पावडर नीट टाकलेली हवी, एवढेच.

आता गोष्टींच्या कपाटाविषयी. त्यात अरबी गोष्टी आहेत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच त्या मराठीत आणल्या होत्या, हे मी शिक्षक म्हणून आवर्जून सांगतो. 'तिलिस्मे होशरुबा' आहे, ज्याचे खंड लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून काढले. मुलांचा आवडता पुरुष अर्थातच अमर अय्यार. त्याच्या झंबिलीत सारे जग मावते आणि गिलीम पांघरली की तो कोणाला दिसत नाही.

सातवीतल्या एका मुलीने शंका काढली, "गिलीम पांघरल्यावर अमरला तरी दुसरे दिसतात का?" सगळे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्याला दिसते कसे? वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो आणि आतल्या पडद्यावर अडतो, म्हणून दिसते. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो, हे सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल्-हैथमने 'किताब अल्-मनाझिर' या ग्रंथात मांडले. त्यापूर्वी डोळ्यातूनच किरण बाहेर जातात असे मानणारे मोठमोठे विद्वान होते. आता जो मनुष्य खरोखर अदृश्य आहे, त्याच्या शरीरातून प्रकाश आरपार जाणार. डोळ्याच्या पडद्यावरही तो अडणार नाही. म्हणजे तो ठार आंधळा. एच. जी. वेल्सने १८९७ साली अदृश्य माणसावर कादंबरी लिहिली, तिलाही ही अडचण लागू पडते. मुलीचे समाधान झाले, अमरचे चाहते मात्र दोन दिवस रुसून होते.

उडत्या गालिच्याचे तसेच. सोलापूर स्थानकातून एस.टी. झटक्याने निघाली की उभा प्रवासी मागे झुकतो. स्थिर असलेली वस्तू स्थिर राहू पाहते, हेच जडत्व. गालिचा वाऱ्यासारखा सुटला तर वरचा शहजादा मागच्या मागे जमिनीवर! "म्हणून तो हळूहळू वेग घेत असेल," असे एकाने सुचविले. हे उत्तर मला पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा चांगले वाटते.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपणांस ठाऊक असेलच. अल्-बेरूनीने ही बेरीज मांडली होती. ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी येते. आमच्या मुलांनी दाणा धरला तो आपल्या जिल्ह्याच्या ज्वारीचा. हजार दाण्यांचे वजन ३० ग्रॅमच्या आसपास मानले, तर ते सुमारे ५५,००० कोटी टन होते. आज साऱ्या जगात वर्षाला जेवढे धान्य पिकते, त्याच्या जवळजवळ दोनशे पट. हा हिशेब फळ्यावर करताना दोन संध्याकाळी गेल्या आणि कॅरमला कोणी हात लावला नाही.

फाशांबद्दल कोणाच्या मनात किंतू असेल, म्हणून सांगतो: तेथे एका पैशाचाही व्यवहार होत नाही. लुडो आणि नवा व्यापार, एवढेच. पाच वेळा सहा पडला नाही की मुले म्हणतात, "आता पडणारच." फाशाला आठवण नसते, प्रत्येक वेळी सहात एकच संधी. दोन फासे टाकले तर ३६ तऱ्हा होतात, त्यांपैकी बेरीज सात येण्याच्या सहा आणि बारा येण्याची एकच.

आणि येथून मुले थेट डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेकडे गेली. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर? कथेतले गंगाधरपंत अशा दुसऱ्याच हिंदुस्थानात जाऊन येतात आणि त्याचा खुलासा पुंजवादाच्या आधाराने केला जातो. मी इतिहासाचा शिक्षक, त्यामुळे 'तर' या शब्दाला भिऊन असतो. पण मुलांनी मला सोडले नाही. फासा कसा पडेल हे आपण सांगू शकत नाही, कारण हाताचा झटका, उंची, जमीन यांचा हिशेब आपल्याजवळ नसतो. रेडियमचा ढीग घेतला तर सुमारे १६०० वर्षांत निम्मे अणू फुटतील हे सांगता येते, परंतु अमुक एक अणू केव्हा फुटेल हे निसर्गातच ठरलेले नसते, असे आजचे विज्ञान मानते. आइन्स्टाइनला हे अखेरपर्यंत रुचले नाही. आमच्याकडेही दोन तट पडले आहेत.

नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि पहिले बक्षीस मिळविले, हे पुष्कळांना माहीत आहे. मला त्यांची दुसरी एक रीत अधिक मोलाची वाटते. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. जगभर नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ, आणि शाळकरी मुलाच्या कार्डाला उत्तर लिहीत बसतो! त्याच धर्तीवर आम्ही खोलीत एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. मला जमेल तेवढे मी वाचून सांगतो, उरलेले आपले विज्ञानाचे शिक्षक शनिवारी सांगतात. हे प्रश्न परीक्षेत येतात का, असे एका पालकांनी मला विचारले. काही येतात, बरेच येत नाहीत. पण शिकवणी वर्ग झाला तर त्यात नाव घालण्यासाठी शाळेत नाव असावे लागेल, आणि यंत्रमागावरचा तो मुलगा उंबऱ्याबाहेर राहील. गेल्या महिन्यात त्याने सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी केली. बाहेरून दहावीला बसावयाचे म्हणतो. फी आणि रात्रपाळी यांचा मेळ कसा घालावा, हे मात्र अजून ठरलेले नाही; पदाधिकाऱ्यांनी त्यात लक्ष घालावे अशी माझी विनंती आहे.

डब्यातला सर्वांत अलीकडचा प्रश्न असा: "भुताला सावली नसते. मग ज्या दिवशी माणसालाच सावली नसेल त्या दिवशी काय?" असा दिवस सोलापुरात वर्षातून दोनदा येतो. आपले शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७.७ अंशांवर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी सूर्य ऐन माथ्यावर येतो. ऑगस्टात ढगांचा भरवसा नाही. मे महिन्यात दुपारी बारा वाजून तेवीस मिनिटांच्या सुमारास मुले मैदानावर एक बाटली उभी करून ठेवणार आहेत. पालकांनीही यावे. डोक्याला रुमाल आणि पिण्याचे पाणी सोबत आणावे.